मुखपृष्ठकाराचे वाचन

मराठीत पुस्तकपरीक्षण वाचताना एक गोष्ट नेमाने आढळते. लेखाच्या अगदी शेवटी, छपाई, कागद आणि किंमत यांच्या रांगेत, मुखपृष्ठाची एका वाक्यात बोळवण केलेली असते : मुखपृष्ठ समर्पक आहे. कशाला समर्पक, ते परीक्षणकर्ता सांगत नाही. कथानकाला, शीर्षकाला, लेखकाच्या भाषेला, की दुकानाच्या फळीला? या चारही गोष्टी एकाच वेळी साधता येतात असे गृहीत धरलेले असते. आम्ही उपयोजित कलेचे विद्यार्थी आहोत आणि गेले वर्षभर पुस्तकांची मुखपृष्ठे करण्याचा अभ्यास करीत आहोत. या अभ्यासातून आमच्या ध्यानात आलेली पहिली गोष्ट अशी, की या चार गोष्टी बहुधा परस्परांच्या विरोधात उभ्या असतात आणि मुखपृष्ठकाराला त्यांतली एक निवडावी लागते. ही निवड म्हणजेच त्याचे वाचन. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या वाचनाविषयी काही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घर अकोल्याचे, शिक्षण अमरावतीचे. शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याला गाडी धरायची, मूर्तिजापूर मागे टाकून अकोल्यास उतरायचे आणि सोमवारी सकाळी त्याच वाटेने परतायचे, असा आमचा क्रम. गेल्या सत्रात आमच्या अध्यापकांनी वर्गाला एक काम दिले : वऱ्हाडाशी नाते असलेल्या लेखकाचे एक पुस्तक निवडा, ते पूर्ण वाचा आणि त्याचे संपूर्ण वेष्टन करा, म्हणजे मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ आणि आत दुमडणाऱ्या दोन्ही पट्ट्या. ‘पूर्ण वाचा’ हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पुस्तकाचा सारांश पुरतो असा एक समज आहे. तो मोडण्यासाठीच हे काम दिले असावे.

निवडीला वाव पुष्कळ होता. ज्या अमरावतीत १९२३ साली विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली, त्या गावाच्या आसपास लेखकांची वाण नाही. ‘रणांगण’ (१९३९) लिहिणारे विश्राम बेडेकर अमरावतीत जन्मले, सुरेश भटही इथलेच, आणि गो. नी. दांडेकर परतवाड्याचे. वर्गात ही नावे निघाली आणि प्रत्येक शीर्षकाच्या पोटात एक सापळा आहे हेही दिसू लागले. ‘रणांगण’ म्हटले की हातातली पेन्सिल आपोआप बंदूक, धूर आणि काटेरी तार काढू लागते. कादंबरी मात्र युरोपातून निघालेल्या एका बोटीवर घडते; तिथे चक्रधर आहे, हॅर्टा आहे, देशोधडीला लागलेले ज्यू आहेत, आणि युद्ध आहे ते माणसांच्या मनांत. शीर्षकाचे चित्र काढले तर कादंबरी खोटी ठरते आणि बोटीचे चित्र काढले तर ती प्रवासवर्णन वाटते. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) या शीर्षकाने तर चित्रकाराला उघड आव्हानच दिलेले आहे, कारण जो रंग आपण लावू तो दुकानातल्या शेजारच्या पुस्तकावर असणारच. ‘पूर्णामायची लेकरं’साठी एका सहाध्यायिनीने निळी नदी काढायला घेतली. पण पूर्णेचा काठ हा अमरावती-अकोला-बुलढाण्याचा खारपाणपट्टा. तिथल्या काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात मिठाची पांढुरकी साय येते. तिने निळा सोडला आणि काळ्यावर पांढरा घेतला, तेव्हा ती नदी आमच्या ओळखीची झाली.

आम्ही उद्धव शेळके यांची ‘धग’ निवडली. १९६० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, म्हणून तिचे कथानक इथे सांगत बसत नाही. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा नवरा महादेव, पोरे, आणि त्यांच्या अंगावर एकामागून एक येत जाणारे दिवस. आणि हे सारे वऱ्हाडी बोलीत बोलणारे. आम्ही ती घरी, मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना वाचली. कौतिकचे बोलणे वाचताना आम्हांला शब्दकोशाची गरज पडली नाही, कारण ती बोली स्वयंपाकघरातून सतत कानावर येत होती. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे ‘प्रादेशिक’ वाटते ते आम्हांला शेजारचे वाटले. मुखपृष्ठ करणाऱ्याला ही सोयही आहे आणि अडचणही. सोय अशी की लुगड्याचा काठ, चुलीचा आकार, भिंतीचा पोतेरा यांसाठी संदर्भचित्रे शोधावी लागत नाहीत. अडचण अशी की या ओळखीच्या वस्तूच सगळी जागा अडवतात आणि कादंबरी खाली उरते.

‘धग’चे सहज सुचणारे चित्र म्हणजे ज्वाळा. तांबडा, नारिंगी, पिवळा, आणि त्यांच्यापुढे पदर डोईवर घेतलेली एक स्त्री. या चित्रात चूक काहीच नाही. फक्त ते धगीचे चित्र नाही. मराठीने उष्णतेसाठी किती शब्द राखून ठेवले आहेत ते या निमित्ताने आम्ही वहीत मांडून पाहिले. ऊब सुखाची असते. आच चुलीची असते आणि जिवाचीही असते. झळ वाऱ्याबरोबर येते आणि निघून जाते. चटका क्षणाचा, तो बसतो आणि त्याची खूण उरते. धग यांहून निराळी. ती दिसत नाही, स्पर्शही करीत नाही, पण तिच्या जवळ बसलेले माणूस हळूहळू कोरडे होत जाते. ज्वाळा विझल्यावरही धग राहते. किंबहुना ज्वाळा असताना धगीकडे कोणाचे लक्ष जात नाही. लेखकाने आपल्या कादंबरीला ‘आग’ किंवा ‘वणवा’ असे नाव दिले नाही. त्या नेमक्या शब्दाच्या आधारावर सारी कादंबरी उभी आहे. आता जे दिसत नाही ते चित्रात दाखवायचे कसे, हा प्रश्न समीक्षकाला पडत नाही. तो मुखपृष्ठकाराला पडतो.

पूर्वसूरींनी अशा अडचणी कशा सोडवल्या ते पाहावे म्हणून आम्ही जुन्या पुस्तकांकडे वळलो. एका जुन्या वाचनालयात परवानगी काढून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांचे कपाट पाहू लागलो, आणि तिथे एक विचित्र दृश्य सामोरे आले. कपाटातली सगळी पुस्तके एकसारखी होती. जाड पुठ्ठा, त्यावर करडा किंवा तपकिरी कागद, कण्याला रेक्झिनची पट्टी, पट्टीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक. वाचनालयात पुस्तक आले की ते टिकावे म्हणून त्याला बांधणी घालतात, आणि बांधणी घालताना मूळ वेष्टन बाजूला काढले जाते. यात कोणाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. शेकडो हातांतून जाणारे पुस्तक नाजूक कागदी वेष्टनासह किती दिवस तगणार? पण पुस्तक उघडून शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहिली की तिथे बारीक अक्षरांत एक ओळ असे : मुखपृष्ठ, पुढे विसर्गासारखी दोन टिंबे, आणि दीनानाथ दलाल किंवा अशाच एखाद्या चित्रकाराचे नाव. श्रेय छापलेले होते आणि ज्याचे श्रेय ते चित्र नाहीसे झालेले होते. त्या दुपारी आम्ही अशा ओळींची यादी करीत बसलो. वहीचे पान भरले. चित्र एकही पाहायला मिळाले नाही.

वाचनालयाच्या सूचीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या यांना रकाने असतात. मुखपृष्ठकाराला रकाना नसतो. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा प्रकाशकाला राष्ट्रीय ग्रंथालयाकडे प्रत पाठवायला सांगतो. ती प्रत संपूर्ण असावी, तिच्यात सगळे नकाशे आणि चित्रे उत्तम प्रतीप्रमाणेच रंगवलेली असावीत, एवढी बारीक काळजी तो घेतो. पण पुस्तकावरचे सुटे वेष्टन त्याच्या शब्दांत बसत नाही. म्हणजे वेष्टन हा पुस्तकाचा भाग की विक्रीचा कागद, याचा निवाडाच झालेला नाही. आपल्याकडेच असे आहे असे नव्हे. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या १९२५ च्या पहिल्या आवृत्तीचे फ्रान्सिस कुगाटने केलेले वेष्टन शाबूत असेल तर त्या प्रतीला वेष्टनाविना असलेल्या प्रतीच्या कित्येक पट किंमत येते, कारण लोकांनी ती वेष्टने फेकून दिली होती. फरक एवढाच, की तिथे उशिरा का होईना, कोणीतरी मोजदाद केली.

आम्हांला जुने वेष्टन अखेर सापडले ते घरी. अकोल्याच्या आमच्या घरात माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. आजोबा शिक्षक होते, आणि शाळा उघडली की जून महिन्यात पोरांच्या पाठ्यपुस्तकांबरोबर घरातल्या कादंबऱ्यांनाही कव्हरे घालण्याचा त्यांचा शिरस्ता होता. कागद अर्थातच जुन्या दिनदर्शिकेचा. छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर. पेटीतल्या पंचवीसेक पुस्तकांना अशी कव्हरे होती. आम्ही एकाची घडी उलगडू लागलो तशी आजी म्हणाली, ‘‘कव्हर कायले काढतं बाप्पा? पुस्तक मयीन ना!’’ तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. दिनदर्शिकेच्या कागदाखाली मूळ वेष्टन होते, आणि अर्ध्या शतकात त्यावर ना ऊन पडले होते, ना बोट. कागद कडांना पिवळा झाला होता, पण रंग काल छापल्यासारखे. वाचनालयाने पुस्तक जपण्यासाठी वेष्टन काढले. आजोबांनी पुस्तक जपण्यासाठी वेष्टन झाकले. एकाच काळजीची ही दोन फळे.

त्या वेष्टनावर कोणाचीही सही नव्हती, आणि आत मुखपृष्ठकाराचा उल्लेखही नव्हता. वाचनालयात चित्राविना नाव होते, इथे नावाविना चित्र. भिंगाखाली ते बराच वेळ पाहिल्यावर आम्हांला त्याची रचना कळली. छपाईला शाया दोनच वापरलेल्या होत्या : एक गडद निळी, एक विटकरी. त्या काळी प्रत्येक रंगासाठी जस्ताचा वेगळा ठसा करावा लागे आणि कागद यंत्रातून तितक्या वेळा काढावा लागे. रंग वाढला की खर्च वाढला. या अनामिक चित्रकाराने दोन शायांत चार रंग काढले होते. निळा, विटकरी, एकावर एक पडले तिथे जवळजवळ काळा, आणि जिथे काहीच छापले नाही तिथे कागदाचा पांढरा. चित्रातल्या बाईचा चेहरा म्हणजे तो न छापलेला कागद होता. दुसरा ठसा केसभर सरकल्यामुळे तिच्या खांद्याला विटकरी कड आली होती आणि ती संध्याकाळच्या उन्हासारखी दिसत होती. शीर्षकाची अक्षरे हाताने काढलेली होती. तोच हात, तोच कुंचला. अक्षर आणि चित्र ही दोन वेगळी खाती असतात असे या चित्रकाराला कोणी सांगितले नव्हते.

आज आमच्यापुढच्या पडद्यावर लक्षावधी रंग आणि शेकडो देवनागरी टंक तयार असतात. चित्र आधी होते, मग त्यावर अक्षरे ‘टाकली’ जातात. टाकली हे क्रियापद आमच्या धंद्यात रूढ आहे आणि ते पुरेसे बोलके आहे. रंगभूमीच्या जाहिरातींत आणि नियतकालिकांच्या शीर्षकांत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी अक्षरालाच चित्र केले, र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी देवनागरीला संगणकात घर मिळवून दिले. या दोन वारशांच्या मध्ये आजचा विद्यार्थी उभा आहे. साधने दुसऱ्या वारशाची आहेत. डोळा पहिल्याचा हवा.

दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्याविषयी आमच्या वर्गात दोन तट आहेत. एका तटाला ही चित्रे गोड, दिवाळी अंकी, मोहक बायकांची वाटतात. दुसऱ्याला ती मराठी मध्यमवर्गाच्या स्वप्नांची नोंदवही वाटते. आम्हांला वाटते, दोघेही चित्राच्या विषयावर भांडतात, कामावर बोलत नाहीत. १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू करणाऱ्या दलालांनी पुस्तक हातात घेण्याची इच्छा ज्या वाचकांत निर्माण केली, तो वाचकवर्गच पुढे द. ग. गोडसे यांची संयत, प्रतिमाबद्ध मुखपृष्ठे पाहायला तयार झाला. गोडसे (१९१४–१९९२) नागपुरात शिकून लंडनच्या स्लेड स्कूलला गेले. पुढे ‘पोत’ (१९६३) लिहिताना विणीची परिभाषा त्यांनी कलाविचारात आणली. आणि वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांची रेषा तर लेखकाच्या विनोदाशेजारी आपला स्वतंत्र विनोद मांडते. सिमेंटच्या कंपनीत अभियंता असलेला माणूस रेषा किती थोडक्यात उभी राहते हे जाणत होता, यात नवल नाही.

या संदर्भात एक बंगाली उदाहरण फार शिकवून जाते. सत्यजित राय चित्रपटात येण्याआधी सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे करीत. कॉर्बेटच्या कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली आवृत्तीला त्यांनी सबंध वेष्टनभर वाघाचे कातडे पसरले. पुढच्या बाजूला गोळी शिरल्याचे भोक लहान, मागच्या बाजूला ती बाहेर पडल्याचे मोठे. त्यात शिकारी नाही, बंदूक नाही, डरकाळी नाही. गोळी शरीरातून जाते तशी ती पुस्तकातून गेली आहे, आणि वाचकाला आता तिच्या मागोमाग पानांतून जायचे आहे. याच प्रेससाठी ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढताना त्यांच्या मनात त्या कथेचा चित्रपट रुजला, आणि तो १९५५ मध्ये पडद्यावर आला. चित्रकाराने केलेले वाचन किती दूर जाऊ शकते याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

वेष्टनाचा विचार करताना आम्हांला रिद्धपूरचीही आठवण झाली. अमरावती जिल्ह्यातले हे गाव महानुभावांचे, मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथाशी, ‘लीळाचरित्रा’शी, जोडलेले. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि पोथ्या बासनात बांधून जपल्या. त्या पोथीला मुखपृष्ठ नव्हते, कारण ती कोणाला खुणावून बोलावत नव्हती. ज्याला ती हवी तो तिच्याकडे चालत येणार होता. मराठीत ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे विसरून जाणे असा अर्थ आज रूढ आहे, पण ज्यांनी बासने बांधली त्यांच्या लेखी ते विसरण्याच्या विरुद्ध होते. छापील पुस्तक आले आणि आवरणाचे काम उलटे झाले. पूर्वी ते झाकत होते, आता ते बोलावू लागले. या दोन कामांमधली ओढाताण प्रत्येक मुखपृष्ठात आजही चालू असते : किती सांगायचे आणि किती राखून ठेवायचे.

‘धग’पाशी परत येऊ. आम्ही स्त्रीची आकृती घेतली नाही. कौतिकचा चेहरा प्रत्येक वाचकाने आपल्या ओळखीच्या एखाद्या बाईवरून घडवलेला असतो, आणि तो हिसकावून घेण्याचा अधिकार मुखपृष्ठाला नाही असे आम्हांला वाटते. राखेच्या रंगाचा, किंचित खरबरीत कागद घेतला. शाई एकच, काळपट विटकरी. ‘धग’ ही दोन अक्षरे हाताने, जाड बोरूने काढली, आणि शिरोरेषेच्या वरची हवा थरथरते आहे अशी ती रेघ किंचित हलवली. भर दुपारी काळ्या रानावरून पाहताना क्षितिजाची रेघ हलते, तशी. घर शिंप्याचे, म्हणून मुखपृष्ठावरून कण्यावर आणि कण्यावरून मलपृष्ठावर एक धावदोरा जाऊ दिला. मलपृष्ठाच्या शेवटी तो दोरा सुटलेला आहे. पुस्तकही आतून दोऱ्यानेच शिवलेले असते, हे त्या रेघेत आपोआप आले.

अध्यापकांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि एकच प्रश्न विचारला : ‘‘हे पुस्तक फळीवर कोणाला दिसेल?’’ प्रश्न रास्त होता. आता तर फळीही उरली नाही. पुष्कळ वाचकांना पुस्तक प्रथम भेटते ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, टपालाच्या तिकिटाएवढ्या आकारात. त्या आकारात राखेचा रंग नुसता फिका दिसतो आणि धावदोरा दिसतच नाही. आम्ही उत्तर दिले ते असे : दोन अक्षरांचे शीर्षक तिकिटाएवढ्या आकारातही वाचता येते, आणि शेजारच्या पन्नास भडक चौकोनांत हा एक चौकोन गप्प आहे म्हणून कदाचित दिसेलही. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी गुण बरे दिले, पण कागदावर शेरा लिहिला की मुखपृष्ठ वाचून झालेल्या माणसासाठी आहे, न वाचलेल्यासाठी नाही. या शेऱ्याचा आम्ही अजून विचार करीत आहोत. जे चित्र पुस्तक वाचण्याआधी हाक मारते आणि वाचून झाल्यावर पुन्हा नवे अर्थ देते, तेच खरे समर्पक. कातड्यावरचे ते लहान भोक दोन्ही कामे करते. आमचा धावदोरा आज एकच करतो.

जाता जाता साहित्याच्या मंडळींना एक सुचवावेसे वाटते. एखाद्या कादंबरीच्या आवृत्त्यांचा अभ्यास करताना तिच्या बदलत गेलेल्या मुखपृष्ठांचाही अभ्यास व्हावा. प्रत्येक पिढीने ती कशी वाचली, याचा तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. प्रबंधाच्या संदर्भसूचीत प्रकाशक आणि वर्ष यांच्यानंतर मुखपृष्ठकाराचे नाव लिहायला अर्धी ओळ लागते. आणि वाचनालयांना बांधणी घालणे भाग असेल, तर काढलेले वेष्टन दुमडून त्याच पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवता येते. त्याला खळ पुरते, अनुदान लागत नाही. आमच्या यादीतल्या त्या पानभर नावांपैकी काहींची चित्रे कोणाच्या तरी माळ्यावर, जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाखाली, अजून असतील. कव्हर जरा जपून उलगडावे, आणि आत नाव नसेल तर निदान चित्राची नोंद तरी करून ठेवावी.